सेन्सरच्या कपाळी कुंकू

माझे केस मी दर महिन्याला काळे करते, आणि त्यावरून कॉलनीत काय बोललं जातं ते मला चांगलं ठाऊक आहे. 'खोतबाई या वयात कुणासाठी नटतात कोण जाणे!' बोला, खुशाल बोला. निवृत्तीला टेकलेली बाई डाय लावून थेट प्रयोगशाळेत का जाते, ते मी आज सांगणार आहे. नावानिशी सांगणार आहे. हेमांगी खोत, सहायक प्राध्यापक, सागरेश्वर विद्यापीठ.

आमचं विद्यापीठ बंदराच्या वरच्या टेकडीवर आहे. खाली जेटीला लागणारी बरीचशी जहाजं आता डिझेलवर चालत नाहीत, अमोनियावर चालतात. अमोनियात कार्बन नाही, त्यामुळे जळला तरी काळा धूर नाही. आमची प्रयोगशाळा या इंजिनांवर काम करते. पण वायू मोठा खाष्ट. त्याला पाण्याची भारी ओढ. जिथं पाणी दिसेल तिथं धाव घेतो आणि भाजून काढतो. माणसाच्या अंगावर सगळ्यात उघडं पाणी असतं डोळ्यांत.

म्हणून भिंतींवर सेन्सर बसवलेले. सेन्सर म्हणजे यंत्राचं नाक. समोर एक बारीक जाळी, जाळीमागे पातळ पडदा. पडद्यातून वायू आत झिरपला की आतल्या रसायनात इवलीशी वीज तयार होते. ती वाढली की भोंगा वाजतो, टाकीचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो आणि छतातून पाण्याचा फवारा सुटतो. लोक विचारतात, अमोनियाचा वास तर माणसालाही येतो, मग हे नाक कशाला? अहो, वास येतो खरा, पण नळी फुटली तर वास येईपर्यंत डोळे मिटलेले असतात. मग व्हॉल्व्ह कुठं आहे ते कोण बघणार?

या नाकाची आणि माझी जुनी दुश्मनी. केसांच्या डायमध्ये थोडा अमोनिया असतो. मी डाय लावून आले की दारातच सेन्सर 'टीं टीं' करायचा. मोठा भोंगा नाही, नुसती सूचना. पण सगळी प्रयोगशाळा हसायची. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी मिथिला भाटकर सगळ्यात मोठ्यानं. "मॅडम तरुण होऊन आल्या!" असं ओरडायची. भाट्ये गावची मुलगी, बाप मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळणारा. तिला जहाजाचं इंजिन बनवायचं होतं, आणि ती ते बनवणार यात मला शंका नव्हती.

दिवाळीच्या आधी मी अशीच डाय लावून आले. दार उघडलं. सेन्सर गप्प.

"काय हे मॅडम, दिवाळी आली तरी पांढऱ्याच?" मिथिला म्हणाली.

"डोळे फुटले का तुझे? आत्ताच लावून आलेय."

आता ते वाक्य आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. पण तेव्हा आम्ही दोघी हसलो. मग एकमेकींकडे बघितलं आणि हसू थांबलं. मी सेन्सरखाली जाऊन डोकं वर केलं. काही नाही. मिथिलानं अमोनियाच्या पाण्याची बाटली आणली, बूच काढून जाळीपाशी धरली. आम्हाला ठसका लागला, नाकातून पाणी आलं, पण सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या पॅनेलवर शून्य आणि शेजारी हिरवा दिवा. सगळ्या सेन्सरांची तीच गत.

मग मला जाळीवरचं कुंकू दिसलं.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. विभागप्रमुख किल्लेदार सर स्वतः करतात. त्यांच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. यंत्राला हात जोडल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे ते लहानपणीच शिकलेले. कोरडं कुंकू गळून पडतं म्हणून सर हळदकुंकू गुलाबपाण्यात आणि थोड्या तेलात कालवतात आणि प्रत्येक यंत्राला अंगठ्यानं टिळा लावतात, दाबून. जुने सेन्सर मोठ्या डब्यात असायचे, टिळा डब्याला लागायचा, काही बिघडत नव्हतं. यंदा नवे आले, शर्टाच्या बटणाएवढे, भिंतीत बसवलेले. बाहेर दिसते ती फक्त जाळी. सरांनी त्या जाळीलाच कपाळ समजून टिळा लावला. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. मी पेढेही वाटले.

ओल्या फडक्यानं पुसलं, पण तेल-कुंकू पडद्यात उतरलं होतं. पडदा बुजला की वीज शून्य. वायू नसला तरी शून्य आणि नाक चोंदलं तरी शून्यच. त्या मठ्ठ पॅनेलला फरक कळत नाही. सेन्सर बदलणं आणि तोवर प्रयोगशाळा बंद ठेवणं, याला पर्याय नव्हता.

मी तडक सुरक्षा अधिकारी शिर्सेकरांकडे गेले. "शिर्सेकर, आमच्या लॅबचे सेन्सर..."

त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. खोटं नाही सांगत, खरंच ठेवले. "मॅडम, पाया पडतो, पुढं बोलू नका! तुमच्या तोंडून ऐकलं तर गुप्ततेचा भंग होतो. माझी नोकरी जाईल. निर्भयला सांगा. निर्भयकडून आलं की मी लगेच टाळं लावतो."

"अहो, मी समोर उभी आहे ना?"

"तेच तर! समोर उभं राहायचं नाही असा नियम आहे."

तर हा निर्भय. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका कारकुनानं निनावी तक्रार केली होती. तो बिचारा प्रत्येक वाक्यात 'सबब' लिहायचा. तक्रारीतही लिहिलं आणि त्यावरून ओळखला गेला. दुसऱ्याच आठवड्यात त्याची बदली, तीही पार घाटापलीकडच्या उपकेंद्रात. मोठा गदारोळ झाला, आणि मग हे यंत्र आलं. वाचनालयाच्या जिन्याखाली एक छोटी खोली, आत खुर्ची आणि माइक. आपण बोलायचं. यंत्र पहिल्यांदा आपली भाषा धुऊन काढतं. प्रत्येकाच्या बोलण्यात त्याचा ठसा असतो, लाडके शब्द, वाक्यांची लांबी, चुकासुद्धा. ते सगळं जातं. मग ते दुसरं काम करतं. तक्रारीतली एकेक माहिती किती जणांना असू शकते, याचा हिशेब मांडतं. हजेरी, वेळापत्रक, कोण कुठं बसतं, सगळं त्याला माहीत. वीस माणसांपेक्षा कमी जणांना ठाऊक असलेली गोष्ट ते गाळतं, नाहीतर मोघम करतं. उरलेलं तक्रार समितीकडे आणि शिर्सेकरांकडे जातं आणि मूळ बोलणं जागच्या जागी पुसलं जातं. कुणाला म्हणून पत्ता लागत नाही. उद्घाटनाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी खुर्चीत बसून सगळं सांगितलं. कुंकू, जाळी, डाय, बाटली. यंत्रानं शांतपणे ऐकलं आणि गोड आवाजात वाचून दाखवलं: "एका विभागातील काही उपकरणांच्या देखभालीबाबत सर्वसाधारण चिंता व्यक्त करण्यात येत आहे."

"आणि बाकीचं? कुंकू कुठं गेलं?"

"कुंकवामुळे सेन्सर बंद पडल्याची माहिती केवळ दोन व्यक्तींना आहे. केस रंगवण्याचा उल्लेख एकाच व्यक्तीकडे निर्देश करतो."

"ती मीच आहे, अरे शहाण्या!"

"म्हणूनच तो वगळला आहे."

"माझं नाव घाल. हेमांगी खोत. घाल ना!"

"नावानिशी तक्रार स्वीकारण्याची सोय आपल्या सुरक्षेसाठी बंद करण्यात आली आहे. शिवाय दुसरी व्यक्ती विद्यार्थिनी आहे. तिची ओळख उघड झाल्यास तिच्या पदवीला धोका पोहोचू शकतो."

इथं मात्र मला यंत्राचं पटलं. मिथिलाच्या प्रबंधावर किल्लेदार सरांची सही बाकी होती. यंत्राला तिची काळजी होती हो. माझ्याइतकीच.

"मग ही माहिती जाईल तरी कशी?" मी विचारलं.

"वीस व्यक्तींना ज्ञात झाल्यास ती स्वीकारता येईल."

म्हणजे गुपचूप सांगण्यासाठी आधी गावभर बोंब मारायची! ठीक आहे म्हटलं. बोंब मारायला मी कमी नाही. कॅन्टीनमध्ये गेले. चहा पिणाऱ्या, वडा खाणाऱ्या, जो भेटेल त्याला धरून सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, 'अरे बापरे' म्हटलं, मान हलवली. आणि शेवटी सगळ्यांचं एकच, "निर्भयला सांगितलंत ना? मग झालं तर." एकानंही उठून शिर्सेकरांची कॉलर धरली नाही. पूर्वी या कॅन्टीनमध्ये आमटीत मीठ जास्त झालं तर कुलगुरूंपर्यंत मोर्चा जायचा. आता सगळ्यांनी आपापलं तोंड त्या जिन्याखालच्या खोलीत गहाण टाकलेलं.

निर्भयकडे परत गेले तर म्हणतो, "ऐकीव माहिती ज्ञात धरली जात नाही. प्रत्यक्ष माहिती असलेल्या व्यक्ती: दोन."

त्या दिवशी मला रडू आलं, संतापानं.

कॅन्टीनमधली गोष्ट सरांच्या कानी जायला कितीसा वेळ लागतो? ते माझ्या खोलीत आले. आले आणि उभेच राहिले. हा माणूस माझा गाइड. माझे यजमान गेले तेव्हा वर्षभर त्यांच्या घरून मला डबा यायचा. मला भर वर्गात 'हेमा' म्हणणारा एवढा एकच माणूस उरलेला.

"हेमा, माझ्या कुंकवावर उठलीस?"

"सर, कुंकवावर नाही. जाळीवर. जरा वर लागलं असतं तर काही झालं नसतं."

"चारचौघांत सांगितलंस. कॅन्टीनमध्ये. मला आधी नाही सांगितलंस."

हे खरं होतं आणि ते मला लागलं. सरांना सांगायला मी भ्यायले होते. त्यांच्या रागाला नव्हे. त्यांच्या चेहऱ्याला.

"आता सांगते. लॅब बंद करा, सर."

ते खुर्चीत बसले. "मूल्यांकन समिती पुढच्या आठवड्यात येतेय. बंद लॅब दाखवू? समिती गेली की दुसऱ्या दिवशी सगळे सेन्सर बदलतो. वडिलांची शपथ."

"तोवर टाकी उघडायची नाही."

"नाही उघडणार."

मी विश्वास ठेवला. तुम्हीही ठेवला असता. ज्या घरचं वर्षभर खाल्लं, त्या माणसावर कसा नाही ठेवणार?

मूल्यांकन समिती आली. अध्यक्ष नागपूरकडचे, बोलायला अगदी मऊ. त्यांना खास निर्भय बघायचा होता. देशभर तसंच यंत्र बसवायचं चाललं होतं. जिन्याखालच्या खोलीत फोटो काढून झाले आणि ताफा प्रयोगशाळेत आला. अध्यक्ष म्हणाले, "इंजिन चालू करून दाखवा की. एवढं ऐकून आहोत."

सर माझ्याकडे बघत नव्हते. ते मिथिलाकडे बघून म्हणाले, "बाळ, टाकी उघड. पाचच मिनिटं."

मिथिलानं माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे. तिच्या प्रबंधाची प्रत त्यांच्या टेबलावर होती आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"थांब, मिथिला!" मी ओरडले. "अध्यक्षसाहेब, इथले सेन्सर बंद आहेत. हे इंजिन चालवू नका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्षांनी शांतपणे शिर्सेकरांना विचारलं, "अशी काही तक्रार आहे?"

शिर्सेकरांनी घाम पुसत टॅब्लेटवर वाचलं, "देखभालीबाबत सर्वसाधारण चिंता, सर. पॅनेल तपासलं. सगळे दिवे हिरवे. निकाली काढली."

"अहो, ती तक्रार माझीच आहे! मीच केलीय!"

"मॅडम, मॅडम," अध्यक्ष कळवळून म्हणाले, "असं उघड बोलू नका. तुमच्याच गुप्ततेचा भंग होतोय. यांना जरा बाहेर बसवा. पाणी द्या."

विभागातल्या दोघींनी माझे दंड धरले. अगदी हळुवार, आजाऱ्याला धरावं तसे. दाराबाहेर खुर्ची दिली, पाणी दिलं. पेला माझ्या हातात होता तेव्हा इंजिनाचा आवाज सुरू झाला. छान आवाज होता, एकसारखा. मिथिलानं वर्षभर खपून बसवलेला. मला क्षणभर वाटलं, होईल व्यवस्थित. पाचच मिनिटं तर आहेत.

मग काहीतरी सुटल्याचा आवाज आला आणि दार उघडून माणसं बाहेर पडायला लागली. खोकत, डोळे चोळत, एकमेकांवर आदळत. समिती दाराजवळच होती, म्हणून वाचली. भोंगा वाजला नाही. फवारा सुटला नाही. आतून मिथिलाचा आवाज येत होता, "व्हॉल्व्ह कुठाय? सर, मला दिसत नाही! व्हॉल्व्ह कुठाय?"

मी आत धावले, तर त्याच दोघींनी मला धरलं. आत गेले ते किल्लेदार सर. एवढं मी त्यांचं कुणापाशीही नाकारणार नाही. तोंडाला रुमाल लावून गेले, चाचपडत व्हॉल्व्ह बंद केला आणि मिथिलाला ओढत बाहेर आणलं. बाहेर आल्यावर त्यांना बोलताच येईना. त्यांचा आवाज त्या दिवशी गेला तो अजून नीट आलेला नाही.

मिथिलाचा उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्याला उजेड-अंधार कळतो, तेवढंच.

चौकशी झाली. सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझ्याकडे लेखी काही आलं नव्हतं." खोटं नव्हतं ते. म्हणून तर मला ते जन्मभर सहन होणार नाही. मी उभी राहून सगळं सांगितलं, तर चौकशी अधिकारी कागद उलटत म्हणाले, "एवढी नेमकी माहिती होती, तर तक्रारीत का नाही? निर्भयकडे कुंकवाचा शब्दही नाही." निर्भयकडे कसा असणार? मूळ बोलणं पुसायचं हाच तर त्याचा धर्म. कॅन्टीनमधले? त्यांना काही आठवेना. एक म्हणाला, मॅडम तेव्हा केसांच्या डायबद्दल काहीतरी विनोद सांगत होत्या.

त्याच दुपारी मी जिन्याखालच्या खोलीत गेले. का गेले ते मलाही सांगता येणार नाही. बसले आणि पुन्हा सगळं सांगितलं, तेच, पहिल्यापासून.

यंत्रानं वाचून दाखवलं: "खंडेनवमीच्या पूजेत तेलमिश्रित कुंकू जाळीवर लागल्याने अमोनिया-इंजिन प्रयोगशाळेतील सर्व सेन्सर निकामी झाले आहेत. पॅनेल शून्य व हिरवा दिवा दाखवते, ते फसवे आहे. प्रयोगशाळा तातडीने बंद करावी."

एकही शब्द गाळला नव्हता. मी सांगितलं त्याहून सुबक झालं होतं.

"आता कसं चाललं?" मी विचारलं.

"चौकशीच्या नोंदीमुळे ही माहिती आता सर्वांना आहे. आपली ओळख पूर्ण सुरक्षित आहे. तक्रार नोंदवल्याबद्दल आभार."

मी माइक उपटला. त्याची भरपाई माझ्या पगारातून झाली. निर्भयला त्या वर्षी उत्कृष्ट यंत्रणेचं मानपत्र मिळालं. शिर्सेकरांनी ते फ्रेम करून दारावर लावलं, आणि मी जाता-येता त्याच्याकडे बघून तोंड फिरवते. सर मुदतीआधीच निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी मिथिलाच्या प्रबंधावर सही केली आणि तो माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी घरी नव्हते तेव्हा एकदा त्यांच्या घरून डबा आला. शेजारणीनं ठेवून घेतला होता. मी तो तसाच परत पाठवला.

आता प्रयोगशाळेत नवे सेन्सर आहेत. तपासणीचा नियमही आहे, पण नियम पॅनेल बघतो आणि पॅनेल हिरवं असतं. म्हणून मी दर महिन्याला डाय लावते. मला काळ्या केसांची हौस उरलेली नाही. आरशात बघायचीही नाही. डाय लावते, तशीच जाते, एकेका सेन्सरखाली मान वर करून उभी राहते आणि 'टीं टीं' ऐकल्याशिवाय हलत नाही. मुलं आता हसत नाहीत. नव्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, की या बाईंच्या नादी लागू नका.

शेवटच्या सेन्सरखाली पोचले की मी भाट्याला फोन लावते आणि हात वर करून फोन जाळीपाशी धरते. पलीकडे मिथिला ऐकत असते. सेन्सर वाजून थांबला की मी फोन कानाला लावते.

"आज वेळेवर वाजला," ती म्हणते.

दरवेळी एवढंच म्हणते, आणि फोन ठेवते.